सिंथेसायझरला शिव्या घालण्याआधी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन बंदच होतं. आता दिसायला लागलंय, आणि जे दिसलं त्याचा राग आलाय. म्हणून हा लेख जरा तिखट होणार. घरच्यांनी आधीच पाणी घेऊन बसावं.

झालं असं, की आमच्या धाकट्या बहिणीच्या नातवानं चार गाण्यांचा एक अल्बम केला. पोरगा पुण्यात दिवसा नोकरी करतो आणि रात्री गाणी करतो. कंपनी नाही, निर्माता नाही, स्वतःच्या पगारातून सगळं. या प्रकाराला ही मुलं 'इंडी' म्हणतात, म्हणजे कुणाच्या दारात न जाता आपलं आपण केलेलं. शब्द स्वतःचे, गळा मित्राचा, एक गिटार आणि बाकी सगळा सिंथेसायझर. मोठ्या हौसेनं त्यानं आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आठ-दहा अंगठे आले, दोन हात जोडलेले आले. आणि मग आमच्या थोरल्या बंधूंचा, अण्णांचा निरोप आला : "हे संगीत नव्हे, ही नुसती वीज आहे. एक तरी खरं वाद्य आहे का यात?" झालं. पुढारी बोलल्यावर कार्यकर्ते कशाला गप्प बसतात! कुणी म्हणालं टुंगटुंग, कुणी म्हणालं मोबाईलची रिंगटोन. एकीनं तर शुक्रताराची लिंक टाकून 'याला म्हणतात गाणं' असं वर लिहिलं.

पोरानं एवढंच लिहिलं, "ओके आजोबा." त्याला आता तीन आठवडे झाले. पोरगा गप्प आहे.

मी तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पडलो होतो. सुनेनं निरोप वाचून दाखवले आणि पट्टी असल्यामुळे मला ती गाणी नीट ऐकता आली. चार वेळा ऐकली. चारातलं एक मला अजिबात आवडलं नाही, त्याविषयी पुढं सांगतो. पण अण्णांनी आणि मंडळींनी जे आक्षेप घेतले, त्यांतला एकही गाण्याविषयी नव्हता. सगळे यंत्राविषयी होते. ३४ वर्षं पेपर तपासले असल्यामुळे उत्तर न वाचता अक्षरावरून मार्क कापणारा परीक्षक मला लगेच ओळखू येतो. तेव्हा एकेक आक्षेप घेऊ.

आक्षेप पहिला : हे वाद्य परकं आहे, आपलं नव्हे.

अण्णा, तुमच्या दिवाणखान्यात जी पेटी आहे ती कुठली? पेटीचा जन्म १९व्या शतकातल्या पॅरिसचा. तिला आपण खाली बसवलं, एका हातानं भाता मारायला शिकवलं आणि मग ती आपली झाली. तीही सहजासहजी नाही. १९४० च्या मार्चमध्ये आकाशवाणीनं पेटीला चक्क बंदी घातली. कारणं काय, तर परकी आहे, तिच्यात श्रुती नाहीत, मींड निघत नाही. खुद्द रवींद्रनाथांनाही पेटी खपत नसे. ही बंदी १९७१ साली अटी घालून सैल झाली. त्याच वर्षी मी बी.ए. झालो, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. तीस-एकतीस वर्षं जे वाद्य रेडिओवर अस्पृश्य होतं, तेच इकडं संगीत नाटकात, कीर्तनात, भजनात आणि आमच्या शाळेच्या प्रार्थनेत रोज वाजत होतं. गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसानं पेटी वाजवून महाराष्ट्राला वेड लावलं. आता पेटी 'अस्सल' आणि सिंथेसायझर 'उपरा'! व्हायोलिनबद्दल तर मी बोलतच नाही.

आणि गंमत बघा. पेटीवरचा मुख्य आरोप म्हणजे तिच्यात दोन स्वरांच्या मधलं काही निघत नाही. सिंथेसायझरवर निघतं. १९७० साली अमेरिकेत मिनीमूग नावाचं वाद्य आलं. त्याच्या डाव्या अंगाला एक चाक असतं, ते फिरवलं की स्वर खालीवर सरकतो. शिवाय त्यावर एका वेळी एकच स्वर वाजतो. साहेबाला हे उणं वाटलं असेल. आपल्याला काय त्याचं? सनई, बासरी एका वेळी एकच स्वर वाजवतात. मींडेच्या बाबतीत हे यंत्र पेटीपेक्षा आपल्या गाण्याला जवळचं आहे, असं मी म्हणालो तर अण्णा जेवण टाकून उठतील. पण म्हणतो.

आक्षेप दुसरा : ही वीज आहे. हे आत्ताचं फॅड आहे. आमच्या काळी असलं नव्हतं.

आमच्या काळी काय होतं ते सांगतो. 'नागिन' १९५४ चा. अण्णांनी तो किती वेळा पाहिला हे आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. त्यातली पुंगी ऐकून थेटरात साप येतात असं लोक सांगायचे. अण्णा, ती पुंगी नव्हती हो! ते क्लॅव्हिओलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य होतं, आणि ते वाजवलं होतं कल्याणजींनी, म्हणजे कल्याणजी-आनंदजींमधल्या कल्याणजींनी. ज्या पुंगीवर तुमची पिढी डोलली तीच वीज होती.

पुढं ऐका. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला. डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकारानं तिथं स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाईंसारख्या आपल्या संगीतात मुरलेल्या बाईंनी त्यावर काम केलं. त्या फिती पुढं कित्येक वर्षं कपाटात पडून राहिल्या, २०२३ मध्ये त्यांचा अल्बम निघाला. मुंबईत सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग सिनेसंगीतात आणला. आणि १९८२ साली चरणजित सिंग या मुंबईच्या सिनेवादकानं रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेऊन एच.एम.व्ही.साठी एक तबकडी केली. दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर! भैरवी, ललत, तोडी, मालकंस, यमन. तबकडी कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्यातल्याच एका यंत्रावर मुलांनी 'ॲसिड हाऊस' म्हणून गाजलेलं संगीत सुरू केलं. २०१० साली जुनी तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या तरुणांनी तोंडात बोटं घातली. म्हातारपणी चरणजितना परदेशात बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. आपल्या माणसाचं कौतुक आपल्याला सातासमुद्रापलीकडून कळावं लागलं, कारण आपण तेव्हा 'हे संगीत नव्हे' असं म्हणण्यात गुंतलो होतो.

हा रोग आपल्यालाच आहे असंही नाही. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारूख बलसारा पुढं लंडनला फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या क्वीन या बँडनं सत्तरच्या दशकातल्या आपल्या तबकड्यांच्या वेष्टनावर 'यात सिंथेसायझर नाही' असं अभिमानानं छापलं. शुद्ध तुपाची पाटीच! आणि १९८० साली त्यांनीच सिंथेसायझर घेतला. ब्रिटनच्या वादक संघटनेच्या लंडन शाखेत १९८२ साली या यंत्रांवर बंदी घालावी असा ठराव झाला होता. २००० साली रेडिओहेड या बँडनं 'किड ए' या अल्बमात गिटारी बाजूला ठेवून यंत्रं पुढं आणली, तेव्हा त्यांच्या भक्तांनी अण्णांसारखीच नाकं मुरडली. आज तो त्यांचा मोठा अल्बम समजतात. (ही माहिती नातवाची. मी फक्त शुद्धलेखन तपासलं.)

आक्षेप तिसरा : यात कष्ट नाहीत. बटण दाबलं की वाजतं.

इथं मला आमच्या वडिलांची आठवण काढावी लागते. वडील गिरणीत साचे खात्यात होते. भोंगा झाला की डबा घेऊन निघायचे. अण्णा, तुम्हीही त्यांना डबा पोचवलाय. सोलापूरच्या माणसानं तरी 'यंत्रानं केलं म्हणजे कष्ट नाहीत' असं म्हणू नये. आपली चादर जेकार्डवर विणतात. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली असतात, भोक असेल तिथं दोरा उचलतो, नसेल तिथं उचलत नाही, आणि त्यातून मोर उमटतो. दोनशे वर्षांपूर्वीची फ्रेंच युक्ती. सिंथेसायझरबरोबरचं सीक्वेन्सर हेच करतं. सोळा खाने असतात, कुठल्या खान्यात आवाज हवा आणि कुठल्यात नको हे आधी ठरवायचं. सोळा म्हणजे आपल्या तीनतालाच्या मात्रा! त्या खान्यांत काय भरायचं हे यंत्राला कळत नाही, ते ठरवणारं डोकं लागतं. मोर काढणाऱ्या डिझायनरला कुणी कधी म्हणालं का, की तुम्ही काय, नुसती भोकं पाडता?

नातवानं मला फोनवर समजावून सांगितलं, एका गाण्यातला एक आवाज घडवायला त्याला अकरा रात्री लागल्या. आधी विजेचा एक खरखरीत नाद घ्यायचा, मग त्यातला नको तो भाग गाळायचा, मग तो कसा सुरू होईल, किती टिकेल, कसा विझेल ते ठरवायचं. मी म्हटलं, अरे, ही तर मडकं भाजण्याआधीची माती तुडवणं झाली. तो म्हणाला, "आजोबा, हे मी गाण्यात वापरू?" वापर बाबा.

आता चौथा आक्षेप. हा ग्रुपवर कुणी घेतला नाही, कारण तो खरा आहे.

सिंथेसायझरनं माणसांच्या पोटावर पाय आणला.

यावर मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे. फार वर्षं मनात होती. साल १९८९ असेल. शाळेचं स्नेहसंमेलन माझ्याकडं होतं. आठवीतला एक मुलगा कुणाकडून तरी कॅसिओ मागून घेऊन आला. (आपल्याकडं कुठलाही कीबोर्ड हा कॅसिओच.) त्याचे वडील लग्नात सनई वाजवायचे. मुलाला गाणं बसवायचं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "शाळेत पेटी आहे. हे खेळणं घरी ने." मुलगा कॅसिओ पिशवीत घालून निघून गेला. संमेलनात आला नाही. मला त्या वेळी आपण संस्कृती राखली असं वाटलं होतं.

मागच्या वर्षी इथंच एका लग्नाला गेलो होतो. अक्षता पडल्या आणि सनई सुरू झाली. सुरेल. मी शेजारच्यांना म्हणालो, "वा! आजकाल सनई कोण लावतं!" आणि मांडवाच्या कोपऱ्यात पाहिलं तर एक माणूस कीबोर्डपाशी उभा. शेजारी ऑक्टापॅड, त्यातून चौघडा. माणूस माझ्याकडं बघून हसला, जवळ आला आणि वाकला. तोच तो मुलगा. आता त्याचेच केस पांढरे झालेत.

मी विचारलं, "वडिलांची सनई?"

"ट्रंकेत हाय की सर. फडक्यात गुंडाळून ठेवलोय. बापाला दम लागायचा, मला प्लग लागतो," असं म्हणून तो हसला. मग म्हणाला, "काय करायचं सर, यजमान म्हणतेत एकच माणूस आणा. सनईवाला, सूर धरणारा, संबळवाला, चौघड्याला एक, चौघांचं पैसं कोण देणार? मी एकटा चौघांचं वाजवतो, पैसं एकाचं घेतो."

मंडळी, हे वाक्य नीट वाचा. सनई कुणी मारली? यंत्रानं? यंत्र तर ट्रकातून आपण उतरवेपर्यंत खोक्यात पडून असतं. 'एकच माणूस आणा' असं म्हणणारा यजमान कोण? तो यजमान मी आहे, तुम्ही आहात, आणि अण्णा, माफ करा, पण आपल्या घरच्या शेवटच्या कार्यात मांडवाला लाख-दीड लाख गेले तेव्हा वाद्यांना किती ठेवले होते हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. यजमान म्हणून पैसे वाचवायचे आणि रसिक म्हणून हळहळायचं, हा दुटप्पीपणा आता पुरे.

तेव्हा माझं भांडण सिंथेसायझरशी नाही. माझं भांडण खोट्या लेबलाशी आहे. पानिपतला विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली की आपला जीव किती जळतो! मानांकन मिळालं तरी नक्कल थांबली नाही. त्यात पानिपतच्या मागाचा काही दोष आहे का? माग तिथलाही चांगलाच. दोष चादरीवर शिवलेल्या खोट्या नावाचा. सिंथेसायझरनं सिंथेसायझर म्हणून गावं, मी मांडी ठोकून ऐकेन. पण त्यानं सनईचा मुखवटा लावून सनईवाल्याची बिदागी खाऊ नये.

नव्वदच्या दशकापासून आपल्याकडच्या किती मराठी अल्बमांत हे झालं, आठवून बघा. ढोलकी पॅडवरची, बासरी कीबोर्डवरची, संतूर कीबोर्डवरचं, चाळीस व्हायोलिनं एका बोटाखाली. चाली चांगल्या, शब्द चांगले, आणि मागं सगळी प्लॅस्टिकची फुलं. ती गाणी आता ऐकली की शिळी वाटतात. आणि चरणजित सिंगांचं १९८२ चं काम शिळं वाटत नाही, कारण तिथं यंत्र कुणाची नक्कल करत नाही, आपल्याच आवाजात भैरवी म्हणतं.

उलट बाजूही बघा. 'सैराट'च्या वेळी (२०१६) अजय-अतुल यांनी अमेरिकेत सोनीच्या स्टुडिओत खरा सिंफनी वाद्यवृंद बसवून गाणी रेकॉर्ड केली. जेऊरच्या नागराज मंजुळेंचा, आपल्या करमाळ्याकडं घडलेला सिनेमा, आणि त्याला हॉलिवुडचे वादक! व्हायोलिन हवं होतं, तर व्हायोलिन वाजवणारी माणसं बसवली. याला म्हणतात इमानदारी. आणि २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस या मराठी मुलांचं 'तांबडी चामडी' आलं. सगळा इलेक्ट्रॉनिक ठेका, पण बोली आपली आणि आव कसलाही नाही. नेदरलँड्सच्या कंपनीनं ते काढलं, जगभर मुलं नाचली. मला ते गाणं आवडतं का? नाही. माझ्या वयाला ते झेपत नाही. पण ते खोटं नाही. ही दोन्ही कामं एकाच अर्थानं खरी आहेत.

आता त्या न आवडलेल्या गाण्याविषयी. चि. बाळा, तुझ्या तिसऱ्या गाण्यात मध्येच सनई येते. ती सनई नाही. सनईवाल्याला मध्ये श्वास घ्यावा लागतो, त्याच्या पत्तीवर ओठ थरथरतो. तुझी सनई बत्तीस मात्रा श्वासच घेत नाही. बाकीच्या तीन गाण्यांत तुझं यंत्र तुझं बोलतं. तिथं मला दाराशी थांबलेला पाऊस ऐकू आला, आणि एकदा गिरणी बंद होतानाचा भोंगा ऐकू आला. तू तो भोंगा कधी ऐकला नाहीस, तरी आला. मग तिसऱ्यात ही उसनवारी कशाला? एक तर ती सनई काढून टाक, नाही तर खरी घाल. मी त्या माझ्या विद्यार्थ्याशी बोललो आहे. ट्रंक उघडतो म्हणाला. त्याच्या चुलतभावाला अजून वाजवता येते. त्याचे जे काय पैसे होतील ते मी माझ्या पेन्शनीतून देतो. वाद्यांना पैसे कोण देणार, हा प्रश्न मला विचारला गेलाय, तेव्हा कुठून तरी सुरुवात करायला हवी.

आणखी एक. कॅसेटच्या आतल्या कागदावर पूर्वी बारीक अक्षरांत का होईना, वादकांची नावं असायची. मी चष्मा लावून ती वाचायचो. आता ॲपवर गाणं ऐकताना गायकाच्या पलीकडं कुणाचं नाव चटकन सापडत नाही. तुम्ही मुलं स्वतःच्या पैशानं अल्बम करता, तुमच्यावर कुणाची सक्ती नाही. मग नावं लिहा. सिंथेसायझर कुणी वाजवला, कुठला होता, कुठला आवाज माणसाचा आणि कुठला नमुना उचलून घातलेला, सगळं लिहा. आता तर दोन ओळी टाईप केल्या की आख्खं गाणं तयार करून देणारी यंत्रं आली आहेत. त्यांच्यापुढं सिंथेसायझर म्हणजे अगदी घरंदाज वाद्य. त्याला निदान वाजवणारा लागतो! अशा दिवसांत 'हे मी केलं' हे लिहून ठेवणं फार गरजेचं आहे.

असो. फार लांबलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी अर्ध्या तासाच्या वर बसू नका म्हणून सांगितलंय, मी दोन तास बसलो.

अण्णा, तुम्ही माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. गाण्याचा कान मला तुम्हीच दिलात. पेटी कशी ऐकायची हे तुमच्या मांडीवर बसून शिकलो. म्हणूनच सांगतो, तुमच्या एका वाक्यानं एक पोरगा गप्प झालाय. १९८९ मध्ये माझ्या एका वाक्यानं एक झाला होता, त्याला पुन्हा भेटायला मला पस्तीसेक वर्षं लागली. तुमच्या-माझ्याकडं आता एवढी वर्षं नाहीत. पहिलं गाणं कानात यंत्र घालून एकदा पुरं ऐका. नाही आवडलं तर गाण्यात काय चुकलं ते त्याला सांगा. सुनावलंत तरी चालेल. पण यंत्रावर नको, गाण्यावर बोला.

त्याचा नंबर तुमच्याकडं आहेच. रात्री नऊनंतर मोकळा असतो.